रोजची सकाळ

“मस्त. पण परत एकदा घेऊ,” कॅमेऱ्यामागून व्हिडिओवाला डग म्हणाला. “आणि या वेळी जरा सावकाश हं, ब्रिजेट.”

सहा वर्षांच्या ब्रिजेटने खुशीत कोट काढला आणि पुन्हा घालायला घेतला. उजवा हात खांद्यातून उचलता येत नसे, म्हणून आधी तो बाहीत सारायचा. मग डाव्या हाताने कोट पाठीवरून ओढून घ्यायचा. वरची बटणं कॉलर दातात धरून लावायची, खालची उजव्या मनगटाने कापड पोटाशी दाबून. सहाच्या सहा लागली. सर्कशीतल्या पोरीसारखी ती कमरेत वाकली.

“मघापेक्षा लवकर झालं!”

जिन्याच्या पायरीवर बसलेल्या लिंडेल वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

“मॉरीन, हे बघून ज्युरीतली माणसं टाळ्या वाजवतील,” त्या ब्रिजेटच्या आईला म्हणाल्या. “आणि टाळ्या वाजवून घरी जातील. ऑपरेशनचं काय?”

“मग मी काय करू? तुम्हीच म्हणालात, कोर्टाला तुमची रोजची सकाळ दाखवायची. ही आमची रोजची सकाळ! बस येईल म्हणून मी ओरडते आणि ही दातांनी बटणं लावते.”

“एकही दिवस तुम्ही लावून देत नाही?”

“आजारी असली तर देते.”

“म्हणजे देता.”

मॉरीनने हातातला कॉफीचा कप ओट्यावर आपटला. या सगळ्याचा तिला वीट आला होता, आणि येणारच. बाळंतपणात बाळाचा खांदा अडकलाय हे न बघता डॉक्टर डोकं धरून ओढत राहिला. पोरीच्या मानेतल्या नसा तुटल्या. त्याचं कुणी काही विचारत नव्हतं. हॉस्पिटलने फी देऊन आणलेला तज्ज्ञ मात्र ब्रिजेटला तपासून सांगत होता, मुलगी फारच छान करते आहे, ऑपरेशनची गरज दिसत नाही. पोरीने धडपडून जे कमावलं, तेच तिच्या मुळावर आलं होतं. मूल जितकं लाचार दिसेल तितकी भरपाई, असा कायदा ज्या मेल्याने केला, त्याने मूल वाढवलेलं नसणार.

“पाडू का तिला जमिनीवर?” मॉरीन म्हणाली. “रडवू? तेवढ्याने बरं दिसेल का?”

“माझ्यावर कशाला चिडता? खोटं काही करायचं नाही, माझी सनद जाईल. आजारी असताना जशी लावता, तशी लावून द्या, बस्. पुढच्या महिन्यात कोर्टात हॉस्पिटलचा वकील उभा राहून म्हणणार, या मुलीला काय कमी आहे, ही सगळं स्वतःचं स्वतः करते. त्याला पुरावा आपणच द्यायचा? तिची उंची वाढेल तसा तो खांदा आखडत जाणार आहे. ज्युरीला ते दातांनी लावलेल्या बटणांवरून कळणार आहे का?”

हे मॉरीनला ठाऊक होतं. हाड वाकडं होऊन बसायच्या आत ऑपरेशन करा, असं सर्जनने दोनदा बजावलं होतं आणि विमा कंपनीने दोनदा नाही म्हटलं होतं. घर विकूनही ते झालं नसतं. खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत तिने कप विसळला. मग हात पुसून ब्रिजेटसमोर गुडघ्यांवर बसली आणि तिच्या कोटाची बटणं काढली.

“ये. आज मी लावते.”

“का? मला येतात की.”

“माहीत आहे.”

“मग?”

डगने कॅमेरा सुरू केला. मॉरीनने पहिलं बटण लावलं. ब्रिजेटचा डावा हात मध्ये आला, तो तिने बाजूला केला. तो पुन्हा आला.

“मम्मा, तो हॉस्पिटलवाला वकील म्हणणार ना, मला सगळं येतं?”

“तुला कुणी सांगितलं?”

“आत्ता त्या म्हणाल्या की. मी ऐकलं.” ब्रिजेटने थोडा विचार केला. “तू पण रोज तेच म्हणतेस. मग तो आपल्या बाजूचा आहे ना?”

तिसऱ्या बटणावर मॉरीनचे हात थांबले. डोळे भरून आले, आणि कॅमेऱ्यासमोर भरून आले म्हणून तिला स्वतःचाच संताप आला.

“आज तुला येत नाहीत,” ती म्हणाली. “ऐकलंस? आज तुला बटणं लावता येत नाहीत. हात खाली ठेव.”

ब्रिजेटने चांगला हातही खाली सोडला. मॉरीनने उरलेली बटणं लावली.

बाहेर शाळेच्या बसचा हॉर्न वाजला. ब्रिजेट दप्तर घेऊन गेली. रोज ती दारातून ओरडून बाय म्हणायची.

“एकदम बरोबर आलं,” डग कॅमेरा बंद करत म्हणाला. “याहून चांगलं मिळणार नाही.”

मॉरीन अजून जमिनीवरच होती.

“पण ती बोलली ते? मी तिला काय बोलले, तेही आलं असेल त्यात.”

“त्याची नका काळजी करू,” लिंडेलबाई पर्स उचलत म्हणाल्या. “ज्युरीला दाखवताना आवाज बंदच असतो.”