अठ्ठावीस अंगठे

"ही अठ्ठावीस नावं तुमच्या तांड्यातली आहेत?" सरकारी वकिलाने विचारलं.

"नाही साहेब," खेमसिंग म्हणाला. "काही कवाच मेले. बाकीचे अजून जन्मालेच नाही आले."

यवतमाळच्या कोर्टात हशा पिकला. आरोपीच्या पिंजऱ्यातला हरिसिंग मात्र खाली मान घालून उभा होता.

तांड्याचा पहिला सरपंच तो, पंचायत समितीचा पहिला सभापती तो, अन् जीपमध्ये बसणाराही पहिला तोच. दोघांनी एकत्र गुरं राखली होती. पण खेमसिंग गुरांमागेच राहिला आणि हरिसिंगला घाटंजीच्या बाजारात शेटजी उठून रामराम घालू लागले. तेव्हापासून खेमसिंगच्या पोटात दुखायचं. त्यात त्याची बायको रुपीबाई. हरिसिंगलाही तीच हवी होती, पण त्याचं अन् तिचं गोत एक, म्हणजे बहीण-भावाचं नातं, म्हणून त्याला गप्प बसावं लागलं, असं खेमसिंगने स्वतःशी पक्कं धरलं होतं.

दोन सालांपूर्वी छातीच्या रोगाने खेमसिंग पाच महिने यवतमाळच्या दवाखान्यात पडून होता. रोज एक सुई. आठवड्याला रुपी भाकरी घेऊन यायची. तिच्या कानशिलावरच्या चांदीच्या घुगऱ्या व्हरांड्यापासूनच ऐकू यायच्या. तांड्यात बाई त्या नवरा गेल्यावरच उतरवते. तो आवाज ऐकला की आपण अजून जिवंत आहोत, असं त्याला वाटायचं.

बरा होऊन घरी आला तर शेजारच्या जमनीने कान फुंकले.

"तू तिकडं होता ना, तं हरिसिंग येत जाय तुह्या घरी. हातात कागद घेऊन. घडीभर बसे अन् जाय."

त्याने रुपीला विचारलं. "पंचायतीचं काम होतं," एवढंच बोलून ती चुलीकडे वळली.

बाईमाणसाशी पंचायतीचं कसलं आलंय काम! त्या दिवसापासून त्याच घुगऱ्यांचा आवाज त्याच्या डोक्यात जाऊ लागला. नवरा मरणाच्या दारात असताना ही कोणासाठी वाजत होती?

मग त्याने चंग बांधला. हरिसिंगने काढलेल्या तळ्याच्या कामाचं हजेरीपत्रक एका कारकुनाकडून वाचून घेतलं. चाळीस मजूर लिहिलेले, राबलेले बारा; बाकी अठ्ठावीस जणांची मजुरी नुसते अंगठे उठवून उचललेली. अर्ज थेट कलेक्टरकडे गेला. सभापतीची खुर्ची गेली, जीप गेली, आणि आज हा पिंजरा.

नागपूरहून आलेल्या ठसेतज्ज्ञाने सांगितलं, "अठ्ठावीस ठसे एकाच अंगठ्याचे आहेत. आरोपीचा तो नाही."

"मग कुणाचा?" न्यायाधीशांनी विचारलं.

हरिसिंगने मान वर केली. क्षणभर खेमसिंगकडे पाहिलं. "गुन्हा माहा हाय साहेब. अंगठा कोनाचा, ते मी सांगनार नाही."

तीन वर्षं सक्तमजुरी झाली. खेमसिंगला वाटलं, त्या नजरेत हार होती. इतका गोड दिवस त्याने जन्मात पाहिला नव्हता.

पावशेर जिलेबी घेऊन तो एसटीने परतला. पुडा रुपीपुढे ठेवला.

"तीन साल! गेला तुहा सभापती."

रुपीने पुड्याला हात लावला नाही. "अंगठा कोनाचा, ते सांगतलं त्यानं?"

"नाही. कायले सांगते? असंल कोनी चोराचा साथीदार."

ती भिंतीला टेकून खाली बसली.

"दवाखान्यातल्या सुया फुकट नोत्या," ती म्हणाली. "बाहेरून इकत आनाव्या लागे."

खेमसिंगचा जिलेबीकडे गेलेला हात थांबला. "मंग?"

"मी घुगऱ्या इकाले निघालती. हरिसिंगभाऊनं रस्त्यात अडवलं. म्हने, नवरा जिता असता घुगऱ्या उतरवू नको, बाई."

तिने डावा हात त्याच्यापुढे केला.

"म्हने, त्यापरीस हा अंगठा दे."