मागचा अर्धा

"आण इकडे मागचा अर्धा," अप्पांनी हात पुढे केला. "पुढचा संपला."

लेकीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. टेबलावरचे रेक्झिनचे तुकडे ती उगाच एकावर एक रचत राहिली.

गाड्यांची सीटकव्हरं शिवणाऱ्या या माणसाच्या घरात जाड पुस्तक आलं की आधी रेक्झिन कापायच्या रापीखाली जायचं. पाठीतून उभं चिरायचं, दोन्ही अर्ध्यांना टाके घालायचे, वर उरल्यासुरल्या रेक्झिनचं कव्हर. पुढचा अर्धा बापाकडे, मागचा लेकीच्या ताब्यात. कारण अप्पांचा स्वतःवर काडीचा भरवसा नव्हता. हाताशी असला तर शेवट आधीच वाचून मोकळे होतील. आणि लेकीने तो नुसता सांभाळायचा, उघडायचा नाही, अशी बोली. मशालवालीच्या कथेचे दहा खंड दोघांनी असेच वाचले होते. लेकीचे दुधाचे दात पडत होते तेव्हापासून, आता तिचे केस पांढरे व्हायला लागले तोवर. हा अकरावा. शेवटचा.

परवा दवाखान्यात औषधांच्या रांगेत तिने बोली मोडली. उभ्याउभ्या भराभर पानं उलटत शेवट गाठला. तेव्हापासून तिचं डोकं फिरलेलं होतं.

उद्या सकाळी अप्पांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन. उजवा काचबिंदूने केव्हाच नेला. डाव्याबद्दल डॉक्टर आडपडदा न ठेवता बोलले होते: जमलं तर आहे तेवढं टिकेल, नाही जमलं तर तेही जाईल. म्हणजे आज दुपारी अप्पा जे वाचतील ते कदाचित त्यांचं शेवटचं वाचन. आणि ते असलं?

"अप्पा, त्यापेक्षा पहिला खंड काढू का? ती नदी ओलांडते तो भाग..."

"पहिला मला तोंडपाठ आहे. काय गं, हरवला की काय?"

"नाही."

"मग तू तो वाचलास!"

ती पुन्हा रेक्झिनचे तुकडे रचायला लागली.

"वाचलास. बघा, पोटच्या पोरीचाही भरवसा नाही." अप्पांच्या आवाजात राग कमी, हेवा जास्त.

"भिकार आहे, अप्पा," ती फुटलीच. "नुसत्या पाट्या टाकल्यात. दहा खंड झुलवलं आणि आता तोंडाला पानं पुसली. पांढरी घोडी कुठे गेली, पत्ता नाही. आणि तो पोलादी सम्राट, तो तर..."

"ए! सांगू नकोस!" अप्पांनी दोन्ही कान घट्ट दाबले. पांढऱ्या मिशांचा बाप्या, पण बसला होता गोळी नको म्हणणाऱ्या पोरासारखा.

ती त्यांच्यासमोर बसली. कान सोडेपर्यंत थांबली. मग हळू म्हणाली, "उद्या काही वेडंवाकडं झालं तर हेच तुमच्या डोळ्यांत राहील. हे नको राहायला."

"माझ्या डोळ्यांत काय राहावं ते तू ठरवणार? म्हातारा झाला तरी त्या लेखकाने लिहायचं सोडलं नाही. मी वाचायचं सोडू? आण."

तिने पिशवीतून काढून दिला. दिला कसला, मांडीवर आदळला.

अप्पा स्टूल घेऊन खिडकीशी बसले. भिंग डोळ्याला, पान नाकाला. ती समोरून बघत राहिली. तो लेखक आत्ता या खोलीत असता तर तिने त्याच्या कानाखाली जाळ काढला असता. माणसं डोळे खर्चून वाचतात रे, मेल्या.

"जिन्यावरून?" अप्पा एकदम ओरडले. "अगं, सम्राट जिन्यावरून घसरून मेला? याने आठ राज्यं जाळली!"

"मी सांगत होते."

"पायरीवर साबण सांडला होता की काय?" अप्पा इतके हसले की भिंग हातातून निसटून मांडीवर पडलं. मग तीही हसली. नको असताना हसली.

पुढे बराच वेळ पानांचाच आवाज. मग तोही थांबला.

"दमलात का?"

"नाही. हे पुन्हा वाचतोय. मशालवाली पुलाखाली बसून खोगीर शिवते ते." अप्पांचं बोट ओळीवरून हळूहळू सरकत होतं. "बघ, एकच दोरा, दोन्ही टोकांना सुई. एका भोकातून दोन्ही सुया समोरासमोर काढते. एक टाका तुटला तरी शेजारचा सुटत नाही. हे घरबसल्या सुचत नाही. कुणा खोगीरवाल्याच्या पुढ्यात जाऊन बसलाय हा, दिवसच्या दिवस. पाट्या टाकणाऱ्याचं काम नाही हे."

"एक परिच्छेद, अप्पा. एवढ्या बाडात एक."

"मग? माझ्या हातून जन्मभरात अशी किती सीटं झाली?"

रांगेत उभ्याने तिने हा परिच्छेद वगळला होता.

खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर चढलं तेव्हा अप्पा शेवटच्या ओळीशी पोचले. भिंग खाली ठेवून त्यांनी डोळा चोळला.

"शेवट वाईट आहे," ते म्हणाले. "वाईट म्हणजे वाईटच. घाईघाईत गुंडाळलाय."

"मग ठेवा आता. डोळ्याला विश्रांती द्या."

पण त्यांनी पुस्तक मिटलं नाही. पान उलटलं. पलीकडे काही नव्हतं. त्यांनी भिंग पुन्हा उचललं आणि त्या पानावरून वरून खालपर्यंत, डावीकडून उजवीकडे, ओळीओळीने फिरवलं. आणखी एक पान उलटलं. त्यावरही तसंच. मग पुस्तक उचलून त्यांनी ते खिडकीच्या काचेला लावलं, आणि नाक त्या पानाला.

"अप्पा?"

"काय गं," मान न वळवता त्यांनी विचारलं, "ही पानं खरंच कोरी आहेत ना? का मला दिसत नाहीये?"