धुराचा डाग

कारखान्याची नवी भट्टी आज पेटली होती, तिनेच संगणकावर काढलेल्या नकाशाच्या भरवशावर. धुराचे आकडे भरल्यावर संगणकाने दाखवलेला, धूर उतरण्याच्या जागेचा लाल डाग ओसाड माळावर पडत होता, म्हणूनच परवानगी मिळाली. शेजारच्या सहकाऱ्याने चहा पिता पिता विचारलं, "वाऱ्याच्या रकान्यात कुठली दिशा भरलीस गं?" "वारा जिकडे जातो ती." त्याचा कप तोंडाशीच थांबला. "अगं, जिकडून येतो ती भरायची असते!" तिने दिशा उलटी केली. लाल डाग माळावरून उठला आणि लेकीच्या शाळेवर जाऊन बसला. फोनसाठी पर्समध्ये घातलेल्या हाताला आधी लेकीचा दम्याचा पंप लागला, दप्तरात घालायचा राहिलेला. शाळेतली शर्यत बघायला गेलेल्या नवऱ्याने फोन उचलला. "तिला पळू देऊ नकोस, आत ने!" "उगाच घाबरतेस. वारा काय मस्त सुटलाय! थांब, शिट्टी झाली."