क्षमावणी

पर्युषण संपलं. क्षमावणीला चंदनाचे थोरले दीर रायगोंडा रीतीप्रमाणे तिच्या कुपवाडच्या काच कारखान्यात आले आणि हात जोडून म्हणाले, “उत्तम क्षमा. वर्षभरात कळत-नकळत काय चुकलं असंल तर माफ कर.”

फुंकणी पुसता पुसता चंदनानं विचारलं, “परवा तापलेल्या भट्टीचं दार उघडलंसा, ते कळत का नकळत?”

“मी कशाला उघडू? भट्टी बिघडली म्हणत्यात.”

“वॉचमननं तुमाला बघितलंय. काच सावकाश निवायची असती, मधेच वारं लागलं की तडकती, हे तुमाला ठावं होतं.”

रायगोंडांचे जोडलेले हात सुटले. “उघडलं. आपल्या घरातल्या बाईनं गड्यांच्यात बसून काच फुंकायची, हे मला बघवत न्हाई. आता तरी बंद कर.”

“माझं काहीच फुटलं न्हाई, भावजी. तुमची लेक श्रद्धा तुमच्या चोरून माझ्याकडं शिकत होती. भट्टीत तिनं फुंकलेले पहिलेच दिवे होते.” चंदनानं मागच्या दाराकडं बोट केलं. “तिकडं काचा वेचत बसलीया. जावा, क्षमा तिच्याकडं मागा. तिला अजून वाटतंय, भट्टीच बिघडली.”