अर्धवट इंजिनं

"काकू, काकांच्या एकाही फोटोत इंजिन पूर्ण कसं आलं नाही हो?" ग्रुपवर निमकरांनी विचारलं.

हे गेल्यावर, ह्यांनी मिरज स्टेशनवर काढलेले फोटो मी रेल्वेप्रेमींच्या त्या ग्रुपवर रोज एक टाकत होते. मंडळी हौसेनं इंजिनाचा नंबर, शेड, साल सांगायची. मी नुसतं वाचायचे. जन्मभर त्या इंजिनांचा मला रागच होता.

दुसऱ्या दिवशी निमकरांनी तेच फोटो मोठे करून पाठवले. "प्रत्येक फोटोत पहिल्या डब्यातून वह्यांची पिशवी घेऊन एक बाई उतरतायत. कोण या?"

चष्मा पुसून मी लिहिलं, "मीच. सांगलीच्या शाळेतून रोज त्याच गाडीनं परतायचे. निमकर, तुमचे फार उपकार झाले. मला आजवर वाटत होतं, हे स्टेशनवर इंजिनासाठी यायचे."