आशाताईंचा पासवर्ड

२००३ साली सातपूरच्या एका कारखान्यात सर्व्हर आणि कॉम्प्युटर बसवायचं काम माझ्याकडे आलं. मालक धनराजशेठ पहिल्याच बैठकीत म्हणाले, "मशीन कुठलंही घ्या, पण चूक कोणी केली ते नावानिशी कळलं पाहिजे. माझा इथं कोणावरच विश्वास नाही." मग मी ऑफिसातून स्टाफची यादी घेतली आणि शेठसकट बाराही जणांना वेगवेगळे पासवर्ड दिले.

तीन महिन्यांनी तपासायला गेलो, तर गेटपासून स्टोअरपर्यंत प्रत्येक नोंद एकाच नावावर: आशा निकम. एक बाई एकाच मिनिटाला तीन ठिकाणी! यात काहीतरी काळंबेरं होतं. मी स्टोअरकीपर वाल्मीकरावांना गाठलं.

"या आशाताई बसतात कुठं?"

त्यांनी आधी दार लोटलं. "त्या तुमचे कॉम्प्युटर यायच्या आधीच रिटायर झाल्या, साहेब. तुम्हाला दिलेली यादी जुनी होती. त्यांच्या नावाचा पासवर्ड आला, तो आम्ही सगळेच वापरतो. आता काही चुकलं तर धरणार कोणाला?"

"आणि ही शक्कल कोणाची?"

"ते नका विचारू."

शेठना सांगायचंच, असं ठरवून मी पुराव्यासाठी सगळ्या नोंदींची प्रिंट काढली. कोणती नोंद कोणत्या कॉम्प्युटरवरून झाली, तेही त्यात होतं.



आशाताईंच्या नावावरची सगळ्यात पहिली नोंद शेठच्या केबिनमधून झाली होती.