पुलावरची पिवळी रेघ

ऑर्विल डंकर पिवळ्या रेघेच्या अगदी तोंडाशी येऊन अडकला. उजवा पाय काही पुढे येईना. त्याने वॉकर घट्ट धरला.

पुलाच्या मध्यावरची ही रेघ म्हणजे दोन राज्यांची हद्द. रेघेच्या अलीकडे, आयोवाच्या बाजूला, मार्ला त्याला आधार द्यायचा कमरेचा पट्टा हातात घेऊन उभी होती. ती फिजिओथेरपिस्ट. अर्धांगाचा झटका आल्यापासून ऑर्विलला तीच चालायला शिकवत होती. मग तो मुलीकडे राहायला गेला, नदीपलीकडे, इलिनॉयमध्ये, आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. राज्याराज्यांत परवान्यांचा करार झाला होता. त्या जोरावर मार्ला पार ॲरिझोनात जाऊन कुणाचाही गुडघा वाकवू शकली असती. इलिनॉय मात्र अजून त्या करारात नव्हतं. त्यामुळे स्वतःच्या खिडकीतून दिसणाऱ्या पलीकडच्या काठावरच्या माणसाला 'टाच आधी टेकवा' एवढं म्हणायचीही तिला चोरी. म्हणून दर गुरुवारी मुलगी ग्रेटा त्याला चाकाच्या खुर्चीतून या जुन्या पुलावर आणायची, रेघ ओलांडून द्यायची, मग उपचार सुरू. आज म्हातारा हट्टाला पेटला होता. शेवटचा टप्पा चालतच येणार म्हणे.

उभा जन्म त्याने याच मिसिसिपीवर मालाच्या बार्ज हाकल्या होत्या. "माझ्या परवान्यावर अख्खी नदी चालायची," तो मार्लाला चिडवायचा. "तुझा अर्ध्या पुलावरच संपतो."

आत्ता चिडवायचं त्राण नव्हतं. नजर पायांवर खिळलेली, आणि तोल चाललेला.

मागे खुर्ची धरून उभी असलेली ग्रेटा रडकुंडीला आली. "अगं मार्ला, काहीतरी सांग ना त्यांना!"

शब्द मार्लाच्या ओठांवर आले होते. पण मागे एकदा याच पुलावर रेघेपलीकडे सूचना दिली म्हणून तिच्याविरुद्ध तक्रार गेली होती. पुन्हा गेली तर परवान्यावर गदा येणार. तरी तिने पाऊल उचललंच.

"तिथेच थांब," ऑर्विल धापा टाकत म्हणाला. "माझ्यापायी तुझ्या पोटावर पाय यायला नको."

ती थांबली. मग तिथूनच वेगळंच विचारलं.

"कॅप्टन, या पुलाच्या खांबांमधून बार्ज काढताना तुम्ही बघायचात कुठे?"

"कुठे म्हणजे? लांब! नाकासमोरच्या पाण्याकडे बघणारा खांबावरच आपटतो, पोरी."

बोलता बोलता त्याची मान वर झाली. मार्लाच्या खांद्यावरून तो आयोवाच्या काठाकडे बघू लागला. टाच टेकली. मग दुसरी. वॉकर खडखडत रेघेवरून अलीकडे आला.

मार्लाने झटक्यात त्याच्या कमरेला पट्टा आवळला. तिचे डोळे भरून आले होते.

"टाच आधी," ती खेकसली. "कितीदा सांगितलंय!"

"आता सांगतेस? आलो की मी."

ग्रेटाने पुढे सरकवलेल्या खुर्चीत तो बसला नाही. वॉकर हळूहळू वळवून आल्या वाटेकडे बघत उभा राहिला.

"जाताना रेघेपर्यंत सोडायला ये," तो मार्लाला म्हणाला. "पुढचं माझं मी बघतो."